चौदा माडांची साक्ष

आमच्या बेटाच्या जमीन-न्यायालयात दाव्यांच्या नोंदीची एक जाड वही आहे. तिच्या एकशे बाराव्या पानावर माझ्या अक्षरातली एक ओळ आहे : "साक्षीदार झापांविषयी बोलते. असंबद्ध." त्या दिवशी साक्षीदार जवळजवळ पाऊण तास बोलत होती. त्या पाऊण तासाची अधिकृत नोंद एवढीच, आणि या एका ओळीपायी नेई मारेवे हिचा बबाईचा, म्हणजे दलदलीत वाढणाऱ्या अळूच्या कंदांचा, खड्डा जाण्याच्या बेतात होता.

बेटाचे नाव मी लिहिणार नाही आणि माणसांची नावे बदलली आहेत. बाकीचे जसे घडले तसे लिहिण्याचा प्रयत्न आहे. मात्र त्यातले मला नेमके किती कळले, याबद्दल मी आजही निःशंक नाही.

नेई म्हणजे आमच्याकडे बाई. मारेवे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. ती इथली नव्हे. उत्तरेकडच्या बेटावरून लग्न होऊन आली, तीन वर्षांतच नवरा जहाजावर असताना गेला, मूलबाळ नाही. परत जायचे तर तिकडेही कोणी उरले नव्हते. नवऱ्याच्या लांबच्या नात्यातल्या नाकीबाए नावाच्या एकट्या म्हाताऱ्याने तिला आपल्या घरात जागा दिली आणि ती अकरा वर्षे तिथे राहिली. नाकीबाए म्हणजे मोठे प्रस्थ. मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, तो बोलायला लागला की चिलमी विझत. त्याच्या घरामागचा बबाईचा खड्डा गावातला सगळ्यांत खोल. त्यातले कंद मांडीएवढे. मरताना त्याने हा खड्डा मारेवेला दिला, असे ती म्हणत होती. त्याचा पुतण्या रुतेरू तारावाला, राजधानीच्या बेटावर, बंदरात नोकरीला. तो म्हणत होता की खड्डा रक्ताच्या माणसाकडे आला पाहिजे.

आमच्या कायद्यात रक्ताचे नाते नसतानाही जमीन मिळण्याची एक वाट आहे. म्हाताऱ्या माणसाची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्याला तो माणूस जमीन देऊ शकतो. तेव्हा प्रश्न एकच होता : मारेवेने शुश्रूषा केली का? खड्डा गेला असता तर सणाला मानेआबात ठेवायला तिच्याकडे काही उरले नसते, आणि जिच्याकडे ठेवायला काही नाही तिने तिथे बसायचे तरी कशाच्या जोरावर?

मी त्या वर्षी पंचवीस वर्षांचा होतो. सुवाच्या विद्यापीठात अभिलेख सांभाळण्याचे शिक्षण घेऊन आलो होतो आणि सरकारने मला जुन्या वह्या लावण्यासाठी या बेटावर धाडले होते. कारकून आजारी पडल्यामुळे सुनावणीच्या नोंदीही माझ्याकडे आल्या. जुन्या वह्या पाहून मी हैराण झालो होतो. जमिनीच्या दाव्यात कुणाच्या होडीचे शीड, कुणाच्या आत्याचे रुसणे, एका वर्षीचा दुष्काळ, सगळेच लिहून ठेवलेले. मी ठरवले की माझ्या वहीत फक्त वादाच्या मुद्द्याशी संबंध असलेले येईल. कायद्याच्या पुस्तकात याची व्याख्या स्वच्छ आहे : ज्याने वादातली गोष्ट खरी असण्याची शक्यता वाढते किंवा घटते ते संबद्ध, बाकीचे असंबद्ध. व्याख्या मला पाठ होती.

पहिल्या सुनावणीला रुतेरू आलाच नव्हता, त्याचे पत्र आले होते. तिघा दंडाधिकाऱ्यांत वडील होते ते तोकानिकाई. त्यांनी विचारले, "नेई मारेवे, म्हाताऱ्याचं सगळं तू बघितलंस, असं म्हणतेस?"

मारेवे चटईवर मांडी घालून बसली होती. ती म्हणाली, "माझं बोलणं वाकडंतिकडं असेल, पोटात घाला. मी परकी बाई. मला काय कळतंय. पण पहिल्या वर्षी मी खड्ड्याकाठच्या दोन माडांच्या झावळ्या काढल्या."

"हं," तोकानिकाई म्हणाले.

"त्या संपल्या. मग तेबानोकडं मागितल्या. त्यानं एका माडाच्या दिल्या. मग चर्चमागचे दोन. पाद्रीबाबा म्हणाले, घे, विचारू नकोस."

"पुढं?"

"पुढं नेई रोतीचा तो वाकडा माड."

अशी ती माड मोजत गेली. ओल्या झावळीचा झाप विणायला किती वेळ लागतो, वारा असला की पाती कशी फाटतात, कोणत्या माडाची पात मऊ, कोणत्याची टोचते, हे सारे तिने सांगितले. दंडाधिकारी मान हलवत होते. मागे बसलेल्या बायका खाली पाहत होत्या. मी दोनदा पेन खाली ठेवले आणि शेवटी तो शब्द लिहिला. कच्च्या वहीत मात्र मी सगळे उतरवून घेतले होते, कारण कच्ची वही फेकून देण्याची मला सवय नाही.

दुपारी निकाल लागला : खड्डा मारेवेचा, शुश्रूषा सिद्ध.

मी चक्रावलो. कुठे सिद्ध झाली? म्हाताऱ्याला भरवले, अंघोळ घातली, औषध दिले, असा एक शब्द ती बोलली नव्हती. मी तोकानिकाईंना विचारले, "आजोबा, निकालात कारण काय लिहू?"

"लिही की, तिनं सांगितलं आणि आम्ही ऐकलं."

"पण ती झापांबद्दल बोलत होती."

"मग?"

"त्याचा शुश्रूषेशी संबंध काय?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी भर बैठकीत त्यांच्या पायावरून उडी मारली होती. "तू जेवलास का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. "मग आधी जेव," म्हणाले आणि उठले. जेवणानंतरही त्यांनी काही सांगितले नाही. मला वाटले, इथे निकाल आधी ठरतो आणि साक्ष नंतर उपचार म्हणून होते. हा संशय मी माझ्या खासगी टिपणात तारखेनिशी लिहूनही ठेवला.

महिन्याभरात रुतेरूचे अपील आले. अपिलात नव्याने साक्षी होत नाहीत. वरचे न्यायाधीश खालची नोंद वाचतात. नोंदीत शुश्रूषेचा पुरावा म्हणून काहीच नव्हते. होती ती माझी एक ओळ. न्यायाधीश विमानाने यायला पाच आठवडे होते. गावात सगळ्यांना हे कळले आणि तो शब्दही कळला.

दुकानदारीण नेई आताना साखर मोजताना म्हणाली, "काय कागदवाल्या, साखर संबद्ध आहे ना? का परत ओतू पोत्यात?"

"मी कायद्याप्रमाणे लिहिलं."

"कायदा चांगलाच असणार. माझा नवरासुद्धा जेवताना गप्प असतो, त्याचंही बरंच असंबद्ध असतं बघ." मग हसू आवरून ती हलक्या आवाजात म्हणाली, "मारेवे रविवारी बैठकीत मागं बसली. खांबाच्याही मागं. तुझ्यामुळं."

"माझ्यामुळं कसं? मी तिच्याबद्दल वाईट लिहिलेलंच नाही. तिचं बोलणं मुद्द्याला धरून नव्हतं, एवढंच."

"पोरा, इथं एखाद्याला 'तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही' असं कधी म्हणतात, ठाऊक आहे? त्याला बसायला जागा नाही, हे सांगायचं असेल तेव्हा."

मी पुस्तकातली व्याख्या तिला समजावून सांगू लागलो. तिने साखरेची पुडी माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

घरी येऊन मी कच्ची वही उघडली आणि सुवाला शिकवतात तसा तक्ता केला. माड चौदा. मालक नऊ. काळ साधारण दोन वर्षे, नाकीबाएच्या शेवटच्या दोन. तिच्या सांगण्यानुसार रोज एक झाप, कधी दोन. म्हणजे आठशे-नऊशे झाप. घराला एवढे लागत नाहीत. शिवाय नाकीबाएचे छप्पर केवड्याच्या पानांचे होते, मी ते पाहिले होते. विकले म्हणावे, तर ओला झाप कोणी विकत घेत नाही, ज्याला हवा तो घडीभरात विणून घेतो. मी तीन शक्यता लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या. मग तेबानोला जाऊन विचारले, की झावळ्या कशासाठी दिल्या होत्या. तो माडावर माडी काढायला चढला होता. वरूनच म्हणाला, "मागितल्या म्हणून."

"पण कशासाठी?"

"कागदवाल्या, खाली उभा राहू नकोस, सुरी पडेल."

मला सांगितले पाहिजे की मी तारावात सरकारी पत्र्याच्या घरात वाढलो. माझे आजोबा इस्पितळात वारले. आम्ही त्यांना काचेतून पाहिले. आमच्या घरात चटया विकत येत. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण एखादी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला का दिसली नाही, याची दुसरी नोंद माझ्याकडे नाही.

अपिलाला बारा दिवस उरले असताना एका सकाळी मी न्यायालयाकडे चाललो होतो. वाटेतल्या एका घरात कोणी तरी जुने माणूस अंथरुणाला खिळले आहे, एवढे मी ऐकून होतो. त्या घरातली सून हिरवागार, नुकताच विणलेला झाप घेऊन आत गेली. क्षणभराने बाहेर आली ती दुसरा, अंथरुणातला झाप गुंडाळून, अंगापासून लांब धरून. ती समुद्राकडे निघाली. रस्त्यावर सहासात माणसे होती. एकाने चपलेचा पट्टा नीट करायला घेतला, दुसरा आभाळाकडे पाहू लागला, शाळेत चाललेल्या मुलीसुद्धा पाठ करून उभ्या राहिल्या. सून वाळूवर पोहोचेपर्यंत रस्ता तसाच थांबून राहिला. तिच्याकडे पाहणारा सगळ्या गावात मी एकटाच होतो. तिने ते पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. तीही स्वतःची नव्हे, आत निजलेल्याची.

मी तिथून तडक मारेवेकडे गेलो. ती खड्ड्यात उतरून गुडघाभर पाण्यात बबाईच्या बुंध्याशी पाने भरत होती. मी काठावर बसलो.

"नेई मारेवे, ते झाप नाकीबाएखाली घालायला होते."

तिने वर पाहिले नाही. "असं काही मी म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलं. पण तसंच होतं ना? दोन वर्षं. रोज."

"पोरा, खड्ड्याच्या काठावर असं बोलू नये. त्याचा खड्डा आहे."

"अपिलात हे एकदा स्पष्ट सांगा. एका वाक्यात. मी लिहीन."

आता ती सरळ उभी राहिली. "मी सांगितलं होतं. तू लिहिलं नाहीस."

"तुम्ही माडांबद्दल सांगितलं होतं."

"ह्याहून स्पष्ट कुणी सांगतं का?" तिच्या आवाजात खरेच आश्चर्य होते. "तो माणूस बैठकीत उभा राहिला की सगळं गाव गप्प व्हायचं. त्याचं शेवटचं असं, सगळ्यांसमोर, तोंडानं? मग मी त्याचं केलंच काय?"

"नाही सांगितलंत तर खड्डा जाईल."

"सांगून राहिला तरी तो कशाचा खड्डा?" म्हणून ती परत वाकली.

माझा गोंधळ त्या दिवसापासून वाढला. आधी फक्त झापांचे कळत नव्हते. आता असे झाले की कायद्याला हवा तो पुरावा तिने शब्दात मांडला, तर तिच्या लेखी तिची शुश्रूषाच मोडत होती. आणि न मांडला, तर कायद्याच्या लेखी ती झालेलीच नव्हती. कच्ची वही अपिलाला जोडावी का, हाही प्रश्न होताच. ती अधिकृत नाही. शेवटी मी एक अर्ज लिहिला : नोंद घेणाऱ्याच्या चुकीमुळे साक्ष अपुरी उतरली आहे, सबब साक्षीदाराला पुन्हा ऐकावे. कसली चूक, या रकान्यात मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मग लिहिले, "संबंध लक्षात आला नाही."

न्यायाधीश परदेशी होते, सभ्य आणि घामाघूम. बैठक मानेआबातच भरली. त्यांच्या दोन्ही बाजूंना आमच्याकडचे दोन सदस्य, समोर मारेवे, आणि पलीकडे इस्त्रीचा शर्ट घातलेला रुतेरू. दुभाष्या मी, नोंद घेणाराही मी. न्यायाधीशांनी अर्ज मान्य केला आणि विचारले की नाकीबाएची शुश्रूषा केल्याचा आधार काय. मी तो प्रश्न तिच्या भाषेत सांगितला.

"माझं बोलणं वाकडंतिकडं असेल, पोटात घाला," मारेवे म्हणाली. "पहिल्या वर्षी मी खड्ड्याकाठच्या दोन माडांच्या झावळ्या काढल्या."

मी भाषांतर केले. चौथ्या माडापाशी न्यायाधीशांनी हात वर केला. "याचा दाव्याशी संबंध काय, ते विचारा."

मी तिच्याकडे वळलो. नेई आताना दुसऱ्या रांगेत होती. हा प्रश्न आमच्या भाषेत, त्या छपराखाली, मारेवेला कसा विचारावा, हे मला सुचेना. मी न्यायाधीशांना म्हणालो, "साहेब, ती उत्तरच देते आहे. कृपा करून पुढं ऐकावं." दुभाष्याने असे बोलू नये, हे मला माहीत आहे. ते चष्मा पुसत राहिले. ऐकू, असे म्हणाले.

आठवा माड. नववा. लोक चटयांच्या विणीकडे बघत होते. मी सगळे लिहीत होतो, दोन्ही भाषांत, माडागणिक नवी ओळ. रुतेरूच्या कपाळावर आठी होती. दहाव्या माडाला ती आठी गेली आणि तो माझ्या पेनाकडे बघू लागला. त्याला ते माझ्याआधी कळले होते की माझ्यानंतर, हे मी सांगू शकत नाही.

"तेरावा नेई आतानाच्या सासऱ्याचा," मारेवे म्हणाली. "मग कुणाकडं मागायचं राहिलं नव्हतं. तेव्हा मी म्हाताऱ्याच्या भावाकडं गेले. ह्या रुतेरूच्या बापाकडं. त्याच्या दारातल्या माडाच्या झावळ्या त्यानं स्वतः काढून दिल्या. कशाला हव्यात, विचारलं नाही. शेवटपर्यंत देत होता. झाप मात्र मला विणता यायचे, त्याला नाही. तो दारापर्यंत यायचा आणि झावळी टेकवून जायचा."

ती थांबली. रुतेरू त्या दोन वर्षांत तारावाला होता आणि त्याचा बाप मागल्या वर्षी वारला होता.

"हे लिहिताय?" त्याने मला विचारले.

"हो."

"सगळं?"

"या वेळी सगळं."

तो उठला, वाकून दोन्ही हात पुढे धरून बैठकीतून वाट काढत न्यायाधीशांसमोर आला. "मी अपील मागं घेतो. पुढं विचारू नका तिला."

न्यायाधीशांनी कारण विचारले. रुतेरू म्हणाला, "कारण नाही." मी तसेच भाषांतर केले. न्यायाधीश माझ्याकडे, मग सदस्यांकडे, मग माझ्या कागदावरल्या चौदा ओळींकडे पाहत राहिले. "आत्ता नेमकं काय झालं?" त्यांनी मला हळूच विचारले.

"त्यांनी अपील मागं घेतलं, साहेब."

"ते मी ऐकलं," ते म्हणाले, आणि सही केली. खालचा निकाल कायम राहिला.

बाहेर रुतेरू मारेवेसमोरून तडक निघून गेला. ती मात्र माझ्याकडे आली. मला वाटले, आभार मानेल. ती म्हणाली, "आता ते पान दे."

"कुठलं?"

"आज लिहिलंस ते. दावा मिटला. आता त्या पानाचा कशाशी संबंध आहे?"

"नोंदीतलं पान काढता येत नाही, नेई मारेवे. उद्या कुणी पुन्हा खड्ड्यावर हक्क सांगितला तर तेच पान कामी येईल."

"आणि उद्या कुणी नुसतं वाचलं तर? तुझ्यासारखा कुणी, माड मोजत बसणारा?"

कायद्याप्रमाणे तिचे म्हणणे बरोबर होते : अपीलच उरले नाही, तेव्हा त्यातली साक्ष कोणत्याच मुद्द्याला लागू नव्हती. पण संबंध उरला नाही म्हणून पान फाडणे हे माझ्या शिक्षणात सर्वांत मोठे पाप आहे. मी तिला सांगितले की पान राहील, पण मी त्याची काळजी घेईन. ती म्हणाली, "घेशील. मागच्या वेळीही तू काळजीनंच लिहिलं होतंस."

मी ती नोंद वहीत डकवली. चौदाही माड तिथे आहेत, मालकांसह. मग समासात, मागच्यासारख्याच अक्षरात, तोच शब्द लिहिला : "असंबद्ध." तो शब्द दिसला की वाचणारा थांबत नाही, पान उलटतो. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण जुन्या वह्या मी स्वतः तशाच वाचत आलो आहे. ती नोंद खोटी झाली की खरी, हे मला ठरवता आलेले नाही. वरिष्ठांनी तपासणीत त्यावर बरोबरची खूण केली आहे.

पुढच्या सणाला मारेवेने मानेआबात बबाईचा एक कंद ठेवला. तो उचलायला दोन माणसे लागली. ती खांबाच्या पुढे बसली होती. माझ्या पानावर तिने कंदाचा तुकडा वाढला, त्यावर माडीची काकवी ओतली आणि म्हणाली, "खा. आणि ह्याचं काही लिहू नकोस."